हयात गुरूंची समाधी

जगात जे जे टिकलं आहे, ते गुरुकृपेने टिकलं आहे. पुस्तकं मात्र शिलाईने टिकतात, असं खुद्द गुरूंचं मत होतं. आणि ते मत ठणकावून सांगायला गुरू अजून जिवंत होते, हेच पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ.

गुरू म्हणजे एक बाइंडर. वय एकोणऐंशी, दात स्वतःचे, तोंड त्याहून स्वतःचं. रस्त्याला लागून तळमजल्यावर गाळा. दारावर पाटी नाही. पाटी कशाला, ज्याचं पुस्तक फाटलंय तो शोधत येतो, असं त्यांचं म्हणणं. आत शिरलं की डाव्या हाताला कागद कापायचं यंत्र, उजव्या हाताला खिडकीखाली शिलाईचं लांब टेबल, कोपऱ्यात चिकटवायची खळ शिजवायची शेगडी, आणि मधोमध फरशीत चार बोल्टांनी आवळलेला बिडाचा शिकंजा. शिवलेली पुस्तकं त्यात दाबून ठेवायची. एकदा चाक फिरवलं की सकाळपर्यंत पुस्तकाने मान वर काढायची नाही. हा शिकंजा इमारतीहून जुना. आधी तो बसवला आणि मग त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या, त्यामुळे तो दारातून बाहेर निघणं शक्य नव्हतं. बाइंडरही निघायला तयार नव्हते.

काम मात्र गेली बारा वर्षं त्यांची लेक करत होती. बाइंडरांचे हात थरथरायला लागल्यापासून ते फक्त घड्या घालायचे आणि चुका काढायचे. कोर्टाच्या नोंदवह्या, शाळांचे हजेरीपट, ग्रंथालयांची जखमी पुस्तकं, सगळं तिच्या दाभणाखालून जायचं. चौदाव्या वर्षी ती त्या टेबलापाशी बसली, आता चव्वेचाळिशी गाठली. गिऱ्हाईक दारात येऊन अजूनही विचारायचं, "बाबा आहेत का?" ती मान वर न करता म्हणायची, "आहेत. पण हात माझे लागतील, चालत असेल तर ठेवा." दुसरी कला तिच्याकडे नव्हती, दुसरी जागा नव्हती, आणि तो शिकंजा सोडला तर वजनाने तिच्या पाठीशी उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं.

पत्र आलं तेव्हा ती दोरा ओढत होती. तिने दातात दाभण धरून पाकीट फोडलं.

"बाबा, त्या संतकवींच्या मंडळाचं पत्र आहे. मालकाने इमारत मंडळाला देऊन टाकलीय. महिनाअखेर गाळा रिकामा करायचाय."

"का? कोण लागून गेलेत?"

"सदर गाळा हे संतकवींच्या गुरूंचं समाधिस्थान असल्यामुळे, असं लिहिलंय."

बाइंडरांनी घडी पूर्ण केली. "कोणाची समाधी?"

"तुमची."

"मला कोणी कळवलं नाही," बाइंडर म्हणाले, आणि मग त्यांनी अशी काही शिवी हासडली की समोरच्या चष्मेवाल्याने दुकानातून डोकं बाहेर काढून पाहिलं.

ही समाधी कुठून उपटली ते समजायला तीस वर्षं मागे जावं लागतं. तेव्हा या गाळ्यात एक सव्वीस वर्षांचा सडपातळ बाप्या कामाला होता. काम दोनच: खळ शिजवायची आणि फर्मे जुळवायचे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी. अशा घड्या क्रमाने एकावर एक रचल्या की पुस्तक होतं. दोन्ही कामं त्याला जमत नव्हती. तो गुणगुणत बसायचा आणि खळ करपायची. बाइंडरांनी त्याचं नाव खळ्या ठेवलं, आणि पाच वर्षं त्याचा रोज उद्धार केला. "अरे, घाई केलीस की कागद सूड घेतो!" "जे आतून शिवलं नाही, ते वरून चिकटवून राहील का रे, टोणग्या?" खळ्या मान डोलवायचा. मग कापून पडलेल्या कागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने काहीतरी खरडायचा. 'टोणग्या' काढून टाकायचा, चाल लावायची, की झालं पद:

आंतून जें नाहीं शिवलें ।
वरून चिकटतां उकललें ॥

संतकवींची शिकवण म्हणून आज जी सांगतात, ती ही. तिचा निम्मा भाग बाइंडिंगचा आहे आणि उरलेला निम्मा, म्हणजे शिव्या, गाळलेला आहे.

पाचव्या वर्षी खळ्याने गणिताच्या चारशे पुस्तकांत सहावा फर्मा नवव्याच्या मागे जुळवला. चारशेच्या चारशे. पुस्तकं शिवून, चिकटवून, कापून शाळेत पोचली आणि मुलं भागाकाराच्या आधी अपूर्णांक शिकायला लागली. पुस्तकं परत आली त्या दुपारी बाइंडरांनी लोखंडी पट्टी टेबलावर आपटली. "चालता हो! आजपासून मी तुला मेलो. मेलो असं समज, आणि परत या दारात पाऊल ठेवू नकोस!"

आता हे वाक्य जगातल्या प्रत्येक बापाने, सासूने आणि उस्तादाने कधी ना कधी म्हटलेलं आहे. ऐकणारा दोन दिवस मित्राकडे जेवतो आणि तिसऱ्या दिवशी खाली मान घालून कामावर येतो. तिसऱ्या दिवशी बाइंडरांनी स्वतः खळ शिजवली, तीही दोघांना पुरेल इतकी. खळ्या आला नाही. पाच वर्षांत त्याने गुरूची एकच आज्ञा बिनचूक पाळली, आणि ती नेमकी ही.

शहराच्या दुसऱ्या टोकाला बंद पडलेल्या तेलाच्या कारखान्यात एक पत्र्याची शेड होती. तिथे बसून त्याने गुरूच्या वियोगाची पदं लिहिली. एकूण दोनशे बारा. पहिलं असं:

गुरू बोले मज । मेलों हें समज ।
तेथोनियां आज । पोरका मी ॥

लोक ऐकायला जमले. आधी कारखान्याचे पहारेकरी, मग त्यांच्या बायका, मग बायकांच्या मैत्रिणी, मग ज्यांना शेडला पंखे बसवून देणं परवडतं असे लोक. खळ्याचा संतकवी झाला. पदं रेडिओवर यायला लागली. बाइंडरांच्या गाळ्यातही रेडिओ होता. ते म्हणायचे, "कोण हा रोज सकाळी रडतोय? आवाज ओळखीचा वाटतो."

मधे एकदा, त्यालाही अकरा वर्षं झाली, संतकवी समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला होता. सोबत तीस-चाळीस माणसं. बाइंडरांनी खिडकीतून पाहिलं. दाढी छातीपर्यंत, डोक्यावर केस नाहीत, पण डावा कान खाजवायची खोड तीच. बाइंडर खळीने भरलेल्या ॲप्रनसकट रस्त्यात धावले. "ए खळ्या! अरे खळ्या!"

संतकवीने डोळे घट्ट मिटले. गाळ्याकडे तोंड करून हात जोडले. गालांवरून पाणी ओघळत होतं.

सोबतचा एक जण म्हणाला, "आजोबा, ओरडू नका. महाराज आपल्या गुरूंच्या वास्तूला वंदन करताहेत."

"अरे, वास्तूला काय करतोयस, माठ्या! मी इथे उभा आहे ना!"

संतकवी डोळे न उघडता वळला आणि दोघांच्या आधाराने निघून गेला. गुरूने मेलो समज म्हटलं होतं. मेलेल्या माणसाने हाक मारली म्हणून वळून बघणं हा गुरूचा शब्द मोडणं झालं असतं. घरी येऊन बाइंडर जेवले नाहीत. "दारापर्यंत आला आणि आत नाही आला गाढव."

त्यांची बायको म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना, दारात पाऊल ठेवू नकोस."

"म्हटलं म्हणून ठेवायचं नाही का?" बाइंडर एवढ्या जोरात ओरडले की बाईंनी पुढची आठ वर्षं तो विषय काढला नाही. आठ वर्षांनी संतकवी वारला. ती बातमी मात्र बाइंडरांना बरोबर कळली.

तर, मंडळ. संतकवीच्या मागे त्याच्या पदांचं, पादुकांचं आणि पंख्यांचं जे उरलं ते सांभाळायला हे मंडळ निघालं होतं. पत्रानंतर चार दिवसांनी त्याचे चिटणीस मोजायची टेप घेऊन गाळ्यात आले. गोरेपान, मऊ, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच आजारी असल्यासारखं वाटावं.

"काम चालू द्या, काम चालू द्या," ते म्हणाले. "फक्त मध्यबिंदू काढायचाय. आपण कोण, आजोबा?"

"हे माझे वडील," लेक म्हणाली.

"म्हणजे गुरूंचे बंधू?"

"गुरूच."

चिटणीस प्रेमाने हसले. "असं होतं. मागच्या वर्षी एक गृहस्थ संतकवींचे मेहुणे म्हणून आले होते. संतकवी अविवाहित." त्यांनी टेपचं एक टोक खिडकीला धरलं, दुसरं भिंतीला. "आजोबा, जरा पाय वर घेता? तुमच्या स्टुलाखालून जातेय."

आणि बाइंडरांनी पाय वर घेतले. आयुष्यभर अडवणूक न करण्याची सवय, दुसरं काय. स्वतःच्या समाधीचं माप काढलं जाईपर्यंत ते पाय वर धरून बसले, आणि पाय खाली टेकल्यावर त्यांना जो संताप आला त्यात ते चिटणिसांना पुठ्ठा फेकून मारणार होते. लेकीने मनगट धरलं.

"या शिकंज्याचं काय करणार?" तिने विचारलं.

"तो राहील ना! संतकवींचा हात लागलाय त्याला. वस्तूंना आम्ही धक्का लावत नाही, ताई. फक्त माणसं हलवायची आहेत."

दुसऱ्या दिवशी ती मंडळाच्या कचेरीत गेली. बरोबर बाबांचं मतदार ओळखपत्र, गाळ्याच्या विजेची बिलं, आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, ज्यात रक्तदाब वाढल्याचं लिहिलं होतं. मेलेल्याचा वाढत नाही, असा तिचा साधा हिशेब. चिटणिसांनी तिला अधिकृत चरित्रकारांपुढे बसवलं. हे निवृत्त प्राध्यापक. संतकवींवर त्यांची तीन पुस्तकं, आणि पहिल्या दोन पुस्तकांचे आधार तिसऱ्यात दिलेले.

"एक बाइंडर हयात आहे याबद्दल मंडळाचं दुमत नाही," चरित्रकार म्हणाले. "दीर्घायुष्य लाभो. मुद्दा असा की, गुरू कैलासवासी आहेत याला दोनशे बारा पदांचा आधार आहे. तुमचे वडील हयात आहेत. तेव्हा ते गुरू नव्हेत. तुम्हीच आणलेल्या कागदांवरून हे सिद्ध होतं."

"पहिलंच पद बघा की. 'मेलों हें समज.' समज म्हणालेत. मेले नाहीत. रागाने बोलले होते हो ते!"

"ते रूपक आहे, ताई."

"आणि एकशे चाळिसावं? गुरूंनी डोळे मिटले, हात गार पडला?"

"ते प्रत्यक्षदर्शी वर्णन आहे."

लेकीने दोन्ही हात टेबलाखाली घेतले. तिच्या हातांना दिवसभर काहीतरी टोचायची सवय होती आणि समोर चरित्रकार होते.

"आपलं शिक्षण कितपत?" चरित्रकारांनी विचारलं.

"पुस्तकं शिवते मी."

"म्हणजे वाचन नाही."

"तुमच्या चरित्राची पहिली आवृत्ती मीच शिवली. वाचायची इच्छा नव्हती, पण फर्मे जुळवताना दिसतं."

"असं? मग कसं वाटलं?"

"कागद चांगला होता."

चिटणिसांनी घाईघाईने चहा मागवला आणि तडजोड पुढे केली. मंडळ निर्दय नाही. आजोबांना समाधीवर सेवेत घेता येईल. फाटकाशी बसायचं, लोकांना रांगेत उभं करायचं. गणवेश मिळेल. ताईंनाही काही ना काही: शिकंजा रोज पुसावा लागणारच.

"म्हणजे बाबांनी स्वतःच्याच समाधीवर पहारा द्यायचा?"

"पहारा नाही हो. सेवा."

ती घरी आली ती दाणदाण पाय आपटत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि भाजी चिरता चिरता म्हणाली, "मेलेल्या म्हशीला मणभर दूध. जिवंत आहे तोवर या माणसाला कोणी चहा विचारला नाही. तो गणवेश कसला आहे ते तरी विचारायचंस. याच ॲप्रनवर मला बघायला आले होते ते."

"तू थट्टा कर, आई! गाळा हातातून चाललाय माझा!" आणि मग ती बाबांकडे वळली. तीस वर्षं जे दोऱ्याबरोबर आत ओढून घेतलं होतं ते सगळं बाहेर आलं. "हे तुमच्या तोंडामुळे झालंय! मेलो म्हणे! काय गरज होती मरायची?"

"मी रागावलो! रागावायचं नाही तर काय ओवाळायचं? चारशे पुस्तकं घालवली त्याने! रागावलो म्हणजे शिकवलं!"

"मलाही रागावलात. त्याला पाच वर्षं, मला तीस. तो खळ करपवायचा, तो शिष्य. मी अख्खा गाळा चालवला, मी कोण? माझ्यावर कोणी पद लिहिलंय का? आणि आता मला तो शिकंजा पुसायला बोलावतायत!"

बाइंडरांनी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तुला मी कधी हाकललं का?"

"नाही."

"का नाही हाकललं?"

"मला काय माहीत!"

"चुकत नव्हतीस."

तीस वर्षांतलं हे पहिलं कौतुक. ते ऐकून घ्यायला तिला त्या दिवशी सवड नव्हती. तोवर ती दार आपटून गेली होती.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा संतकवींच्या तिसऱ्या पुण्यस्मरणाची सभा भरली. सकाळी अकराची वेळ, मोठं सभागृह, तीनशे खुर्च्या. सभेत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, एवढाच मार्ग आता उरला होता. बसमध्ये लेकीने बाबांची तयारी करून घेतली. "शांतपणे बोलायचं. शिव्या नकोत. नाव, वय, गाळा किती वर्षं, तो कधी आला, कधी गेला, आणि समाधी नको. बस्स. पाच वाक्यं."

"चार पुरतील," बाइंडर म्हणाले. त्यांनी दाढी केली होती. ॲप्रन घरी ठेवला होता, त्यामुळे हात कुठे पुसावेत हे त्यांना कळत नव्हतं.

चरित्रकारांच्या भाषणापर्यंत ते शहाण्यासारखे बसले. भाषणाचा विषय होता 'गुरूंचं मौन'. गुरू कसे होते? शांत सरोवर. गुरूंनी शिष्याला कधी काही सांगितलं नाही, नुसतं पाहिलं. "अहो, या महापुरुषाने," चरित्रकार गहिवरून म्हणाले, "उभ्या आयुष्यात एक कठोर शब्द उच्चारला नाही."

बाइंडर उठले. लेकीने सदरा ओढला, तो हातातून सुटला.

"कोण म्हणतं?" ते गरजले. "कोण उंटावरचा शहाणा म्हणतो? पाच वर्षं मी त्याला शिव्या घातल्या! रोज! सकाळी दार उघडल्यापासून! कान पिळलाय मी त्याचा! मौन कसलं, सगळा रस्ता ऐकायचा! आणि हाकलला मी त्याला, पट्टी आपटून हाकलला, मेलो म्हणालो! म्हणालो तर काय झालं? परत यायचं होतं! तीन दिवस मी खळ शिजवून…" इथे आवाज चिरला. मग तो पुन्हा सापडला, आधीपेक्षा मोठा. "मी मेलो नाही! ऐकू येतंय का, गाढवांनो? मी मेलेलो नाही!"

सभागृहात टाचणी पडली असती तर तीही जपून पडली असती. मग दुसऱ्या रांगेतली एक म्हातारी उठली. संतकवीच्या शेडमध्ये ती पहिल्या वर्षापासून होती. 

"हाच आवाज," ती म्हणाली. "महाराज सांगायचे, गुरू बोलले की खिडकीची तावदानं हलायची. हाच. गुरू परत आले! गुरू प्रकटले!" आणि ती दोन खुर्च्यांच्या मधे गुडघ्यांवर बसली.

तिच्यामागे तिची रांग. मग पुढची. तीनशे माणसं गुडघ्यांवर, आणि मधे बाइंडर एकटे उभे, लालबुंद. "उठा! उठा म्हणतो ना, बैलांनो!" लोक हमसून हमसून रडायला लागले. मेलेल्या गुरूने जिवंतपणी नावं ठेवावीत, याहून मोठं भाग्य कुठलं?

लेक खुर्चीवर चढली. "प्रकटले नाहीत हो! इथेच होते! कुठे गेलेच नव्हते! बसने आलोय आम्ही, हे बघा तिकीट!" तिने तिकीट हवेत धरलं. पुढच्या एका बाईने हात जोडून विचारलं, "मी हात लावू का त्याला?"

चरित्रकारांनी माइकपाशी उभ्याउभ्या चष्मा पुसला. एक मिनिट लागलं असेल. "मौनानंतरचा शब्द," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत एक प्रकरण वाढवावं लागेल."

चिटणिसांनी त्याच दिवशी समाधीचा ठराव मागे घेतला. तसं लेखी दिलं, शिक्क्यासकट. हयात माणसाची समाधी बांधणं योग्य दिसत नाही, असं त्यात चक्क लिहिलं होतं. लेकीने तो कागद दोनदा वाचला आणि संध्याकाळी परत गाळ्यात जाऊन कोर्टाची अर्धी राहिलेली नोंदवही पुढे ओढली. जिंकलो, असं तिला वाटलं. बाइंडरांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी तिच्या एका टाक्यात चूक काढली, जी नव्हती.

सकाळी आठ वाजता दाराशी साठ माणसं होती. दहाला रांग चष्मेवाल्याला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. लोक आत येत, बाइंडरांकडे बघत, आणि आशेने थांबत. बाइंडर पहिल्या पाच मिनिटांत भडकले. "काय बघताय? माकड आहे का मी? पुस्तक फाटलंय का कोणाचं? नाही ना? मग चला, व्हा चालते!"

वह्या उघडल्या. पेनं खरखरली. "पुन्हा एकदा सांगाल का, गुरुदेव? 'पुस्तक फाटलंय का' च्या पुढचं राहिलं."

ते जितकं ओरडले तितकी गर्दी वाढली. दुपारपर्यंत कोणीतरी टेबलावरची दोऱ्याची रिळं नेली, कोणी कापलेल्या पट्ट्या गोळा केल्या. खळीचं पातेलं बोटांनी पुसून पुसून चकचकीत झालं. एका भाविकाने कोर्टाच्या नोंदवहीचा शिवलेला दोरा नखाने तोडून आठवण म्हणून नेला, आणि त्याबरोबर दोन फर्मे सुटून गेले. लेक किंचाळली. तिने लोखंडी पट्टी उचलली आणि दोघातिघांना खरंच मारली. त्यांनी लागलेल्या जागेला हात लावून तो हात कपाळाला लावला. "गुरुकन्या," कोणीतरी कुजबुजलं.

चौथ्या दिवशी कोर्टातला कारकून आला. रांगेत पाऊण तास उभा राहून आत पोचला. त्याने नोंदवहीची अवस्था पाहिली, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमच्या घरचं बरं होतंय यात मला आनंदच आहे. पण आमची कागदपत्रं इथे ठेवता येणार नाहीत." तो वह्या घेऊन गेला. शाळा त्याच आठवड्यात गेल्या. ग्रंथालयाने कळवलंसुद्धा नाही.

मग बाइंडरांनी तोंड मिटलं. लोकांना शिव्या हव्यात ना, मग देणारच नाही, एवढाच त्यांचा डाव. ते स्टुलावर बसून भिंतीकडे बघत राहिले. चरित्रकारांना फोन गेला. ते धावत आले, दारातच थबकले, आणि त्यांचे डोळे भरले. "बघा," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मौन. मी म्हणालो होतो."

मंडळाचं पत्र पुन्हा आलं. मजकूर तोच, फक्त 'समाधिस्थान' खोडून 'प्रकटस्थान' केलं होतं, आणि मुदत पंधरा दिवसांची. लेकीने या खेपेला ते मोठ्याने वाचून दाखवलं नाही. तिने दाभणं एका डब्यात भरली, घड्या दाबायच्या घोटण्या दुसऱ्यात. कापायचं यंत्र मंडळाने ठेवून घेतलं, त्यालाही हात लागलेला होता. शिकंज्यापाशी ती थोडा वेळ उभी राहिली. त्याचं चाक तिने एकदा पूर्ण आवळलं, रिकाम्यावरच, इतकं की पुढे कोणाला ते सहजी सुटू नये. एवढं तिला करता आलं.

आता ती टायरच्या दुकानाच्या वरच्या खोलीत बसते. कामं हळूहळू येतायत. कोर्टातल्या त्या कारकुनाने घाबरत घाबरत एक वही दिली आहे. शिवलेली पुस्तकं ती विटांखाली दाबते. विटांनी पुस्तक दबतं, पण सरळ दबत नाही. पाठीला बाक राहतो. बाइंडर घरी असतात; झालेलं काम ती त्यांना दाखवायला नेते. ते टाका बघतात, बाक बघतात, आणि काही बोलत नाहीत. ते बोलत नाहीत याचाच तिला सगळ्यात जास्त राग येतो.

मागच्या मंगळवारी दीडच्या सुमाराला ती कोर्टाची वही कापडात गुंडाळून जुन्या गाळ्यावर गेली. फक्त एका रात्रीपुरती शिकंज्यात ठेवायची होती. नवीन फाटक लागलं होतं, संगमरवर बसला होता, आत शिकंजा काचेमागे दिसत होता. फाटकावरच्या माणसाला तिने सांगितलं, मी गुरूंची मुलगी, माझंच यंत्र आहे, दहा मिनिटांचं काम आहे.

तो चांगला माणूस होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि पाटीकडे बोट दाखवलं. प्रकटस्थान दुपारी एक ते चार बंद असतं.